सातवी अनुसूची पाठ करत बसू नकोस

अरे भावा, परीक्षेच्या अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात ९७, ६६, ४७ असे आकडे घोकायला लागलास होय, सातवी अनुसूची म्हणजे राज्यघटनेतली कुठल्या विषयावर कायदा कुणी करायचा याची वाटणी, केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्या, आणि हे त्यांतल्या विषयांचे मूळचे आकडे आहेत, नंतर बदल झालेत, आणि नुसत्या आकड्यांनी डोक्यात काय शिरत नाय. आपल्या कृष्णेवरनं समजून घे. पाणी, कालवे, सिंचन हे राज्य सूचीत १७ नंबरला, पण तिथंच लिहिलंय की केंद्र सूचीतल्या ५६ च्या अधीन, म्हणजे नदी एकापेक्षा जास्त राज्यांतनं वाहत असली की संसद कायदा करून त्यात हात घालू शकते. आता बघ, सांगलीत पूर आला की आयर्विन पुलावर उभं राहून लोक अलमट्टीला शिव्या देतात, पण ते धरण कर्नाटकात, आपलं सरकार तिथले दरवाजे उघडायचा हुकूम देऊ शकत नाय, बोलणी करायची नायतर कलम २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याखाली लवाद. हे एवढं नीट वाच, प्रश्न यावरच फिरवून येतात.

समवर्ती सूची सोपी आहे, तिथं केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, दोन कायद्यांचं भांडण झालं तर शक्यतो केंद्राचा कायदा चालतो, कलम २५४, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यात तो चालतो, हा अपवाद तेवढा बघून ठेव. शिक्षण आणि वनं १९७६ ला ४२व्या दुरुस्तीनं राज्य सूचीतनं समवर्ती सूचीत गेली, हे मी पहिल्या अटेम्प्टला चुकवलंवतं.