तास मोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. यू-डायस, सरल, शालार्थ, आधार जुळवणी, संचमान्यता, शाळेने सरकारला भरून द्यायची सगळी माहिती त्यात आलीय. नववीतल्या एकाही पोराचं नाव नाही. तेवढंच मला लागलं.

कायम होईपर्यंत शिक्षण सेवकाचं १८,००० रुपये मानधन, त्यात खोलीभाडं, आणि हे अजून दीड वर्ष चालायचं. ते ओझं मला समजतं. पण तू विचारतेस, ‘सर, मी शिकवायला आलेय की माहिती भरायला?’ अगं, वेळापत्रकाच्या ज्या चौकोनात तुझं नाव आहे, तो वेळ पोरांचा. तास मोडू नकोस. दोनपर्यंत माहिती पाठवा असा मेसेज येऊ दे, मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहू देत, तास मोडू नकोस. माहिती ऑफ तासाला भर, शाळा सुटल्यावर भर.

मी हे फार उशिरा शिकलो. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा तो चालवता येणारा मी एकटाच होतो. ‘सरांशिवाय पान हलत नाही’ हे ऐकायला मला आवडायचं. नववी ब ला स्वाध्याय सोडवायला सांगायचो आणि संगणकासमोर जाऊन बसायचो. दिवाळी नुकतीच झाली होती. बीडकडची शाळा, निम्म्या घरांनी ऊसतोडीची उचल घेतलेली. एक पोरगा त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मान न वळवता मी म्हटलं, ‘तास संपल्यावर ये.’ तो आला. मी म्हटलं, ‘उद्या बघू.’ रात्री त्यांच्या टोळीचा ट्रक गेला. त्याला आजीपाशी राहून शिकायचं होतं आणि मी बापाशी बोलावं एवढंच तो सांगायला आला होता, हे मला आजीकडून कळलं. पोरगा परतला तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. मग कुणीतरी बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भर म्हणालं. तोही भरला नाही. त्या दिवशी मी कोणती माहिती भरत होतो, ते आज आठवतसुद्धा नाही.

नववी म्हणजे काय, हे वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आठवीपर्यंत बहुतेक पोरं पुढे सरकत आलेली असतात, आणि पुढे दहावीचा निकाल शाळेला हवा असतो. आठवीपर्यंतच्यांना पोषण आहाराची खिचडी मिळते. नववीतलं पोर त्याच वासात रिकाम्या पोटी बसतं. एकदा एका मुलीने अर्धा अधिक पाव याचं उत्तर दोन षष्ठांश लिहिलं. वर वरची बेरीज, खाली खालची. मी विचारलं, ‘घरी अर्धी भाकरी खाल्ली, वर चतकोर घेतली, तर किती झाली?’ ती पटकन म्हणाली, ‘पाऊण.’ मग स्वतःच वहीकडे बघत राहिली. अंगठ्याला थुंकी लावून तो दोन षष्ठांश तिने इतका घासला की कागद फाटला. मी तेव्हा वर्गात होतो म्हणून ते मला दिसलं.

पुढे मी तास मोडेना, तेव्हा माहिती वेळेत गेली नाही म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली. खुलाशात एकच वाक्य लिहिलं: सदर वेळी मी नववीच्या वर्गावर अध्यापन करीत होतो. सहकारी म्हणाले, तुमच्यामुळे शाळेचं नाव मागे पडलं. पडू दे. निवडणूक आणि जनगणनेचं काम मी कधी टाळलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच ती कामं आपल्यावर ठेवलीत, आपत्तीतली मदतही ठेवलीय. रोजच्या तक्त्यांसाठी वर्ग उघडा टाकावा असं त्यात कुठे लिहिलंय? लोक मला हेकट म्हणायचे. मला आजही माझं चुकलं असं वाटत नाही. त्या दारातल्या पोराच्या आधी हा हेकटपणा आला असता तर बरं झालं असतं.

आणि हे राजीनाम्याचं काय काढलंस? स्पर्धा परीक्षा द्यायची तर दे, मी अडवत नाही. पण ‘शिकवायला मिळतच नाही’ हे कारण मला सांगू नकोस. महिनाभर एकही तास मोडल्याशिवाय शिकवून बघ, मग मला लिही. दमशील, रात्री उद्याच्या पाठाचं टाचण काढताना डोळा लागेल. हिने आल्याचा चहा करून पाठवला असता, तू जवळ असतीस तर. दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. चार दिवस राहा.

शेवटच्या पानावर तू एका ओळीत लिहिलंयस की मागच्या बाकावरचा एकजण पंधरा दिवस आला नाही. सोमवारी पहिला तास तुझाच आहे ना? हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांब, तो कुठे गेलाय ते पोरांना विचार. त्यांना माहीत असतं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन ये. आणि त्याचं नाव मला कळव.

तुझा,
सर