तो गेम कुठे सोडतो?

"मॅडम, मुलाला गेमचं व्यसन लागलंय." मी समुपदेशन करते, आणि निकालाच्या दिवसांत हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की त्यापुढचं वाक्यही मला ठाऊक असतं: "मोबाइल काढून घेतला, वायफाय बंद केलं, काही उपयोग नाही." मी विचारते, "कोणता गेम?" बहुतेक पालक इथे अडतात. कुणी म्हणतं, "ते गोळ्या घालतात तोच असेल." एका आईने मात्र जरा अवघडूनच सांगितलं, "मारामारी नसते हो त्यात. रस्ते बांधतो, पाण्याच्या लायनी टाकतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. आता रस्ते बांधायचं कसलं व्यसन?"

त्या घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, अशाच इतर मुलांचं थोडं त्यात मिसळलं आहे आणि पुष्कळ भेटींमधलं मोजकंच बोलणं घेतलं आहे. मुलाला आपण महापौर म्हणू, कारण त्या खेळात खेळणारा महापौरच असतो.

महापौर पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याआधी जेईईसाठी एक वर्ष ड्रॉप घेतलेला. आता चार विषय राहिलेले, वायडी होण्याची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची भीती, आणि घरात नवा विषय निघालेला: "मेकॅनिकल माझ्यासाठी नाहीच. सोडतो आणि डिझाइनला जातो." राहायला कोथरूड, वडिलांची नोकरी हिंजवडीला.

पहिल्या भेटीत बोलले ते वडीलच. "तुम्ही त्याला फक्त एवढं सांगा, गेम डिलीट कर."

"समजा त्याने केला. उद्या सकाळी तो काय करेल?"

"अभ्यास."

"वायफाय बंद होतं त्या दिवशी केला होता?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. "झोपून होता दिवसभर," आई म्हणाली.

पुढच्या भेटीला मी मुलाला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. तो सावध होऊन आला. बहुधा माझ्यासमोर डिलीट करायला लावणार असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "दाखव." मग पाऊण तास तो बोलत होता आणि मी ऐकत होते. घरात हाच मुलगा दिवसाला पाच वाक्यंही बोलत नाही, असं आई सांगून गेली होती.

खेळाचं नाव सिटीज: स्कायलाइन्स. फिनलंडमधल्या कोलोसल ऑर्डर या छोट्या कंपनीने तो २०१५ मध्ये आणला. दुसरा भाग २०२३ मध्ये आला, पण "तो माझ्या लॅपटॉपला झेपत नाही," असं महापौरांनी खिन्नपणे सांगितलं. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९८९ चा सिमसिटी. तो करणारा विल राइट आधी हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकायचा एक गेम बनवत होता. त्यासाठी बेटं आणि इमारती रचताना त्याच्या लक्षात आलं की पाडण्यापेक्षा रचण्यातच आपल्याला जास्त मजा येते आहे. मग त्याने शहरांबद्दल वाचायला सुरुवात केली. जे फॉरेस्टर या अभ्यासकाने शहराकडे एकमेकांत गुंतलेल्या कारण-परिणामांची व्यवस्था म्हणून पाहिलं होतं; त्या विचाराचा राइटवर मोठा प्रभाव पडला. गेम तयार झाला तेव्हा प्रकाशकांना पटेना, कारण त्यात जिंकणं-हरणंच नव्हतं. शेवट नसलेला गेम विकत कोण घेणार? लोकांनी तो भरभरून घेतला. हा शेवट नसण्याचा मुद्दा पालकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे मी पुन्हा येते.

ओढ कशाची, तेही त्या पाऊण तासात कळलं. मोकळी जमीन, एक नदी, शेजारून जाणारा महामार्ग आणि हातात थोडे पैसे. रस्ता ओढायचा, त्याच्या कडेला हिरवा रंग फासायचा की घरं उगवतात. निळा लावला की दुकानं, पिवळा लावला की कारखाने. आपल्या महापालिकांत महापौराकडे मान असतो आणि खरे अधिकार आयुक्तांकडे. इथे महापौर, आयुक्त, स्थायी समिती सगळं एकटाच. भूसंपादनावर हरकत नाही, निविदा नाही, आचारसंहिता नाही. चुकीचा पूल एका क्लिकने गायब होतो, आणि काही सुचेनासं झालं तर अख्खं शहर थांबवून ठेवता येतं. अभ्यासाचं फळ सेमिस्टरच्या शेवटी मिळतं, तेही मिळालं तर. इथे दोन मिनिटांत लोक राहायला येतात. ज्या मुलाच्या शाखेपासून केसांच्या लांबीपर्यंत सगळं घरात ठरतं, त्याला कुठेतरी स्वतः ठरवायला मिळतं. मला त्यात आजार दिसला नाही. भूक दिसली.

मग मी विचारलं, "तुझं सगळ्यात मोठं शहर केवढं?"

"चाळीस-पंचेचाळीस हजार."

"त्यापुढे?"

"त्यापुढे मजा नाही. मग मी नवीन मॅप घेतो."

जतन करून ठेवलेल्या शहरांची यादी त्याने उघडली. यादी खाली सरकत राहिली, संपेचना. नावं बघण्यासारखी होती: 'नवीन', 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल'. जवळजवळ सगळी त्याच आकड्याच्या आसपास सोडून दिलेली.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांच्या घरात आणली. या वाटेने जाणाऱ्याला एक सवय लागते: माणूस काय करतो यापेक्षा तो नेमक्या कोणत्या क्षणी थांबतो आणि त्या क्षणी स्वतःशी काय बोलतो, तिकडे कान लावायचा. मुलगा किती तास खेळतो हे वडिलांनी मला मिनिटांसकट सांगितलं होतं. तो कुठे सोडतो, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"चाळीस हजारांना काय होतं?" मी विचारलं.

होतं ते असं. सुरुवातीला महामार्गावरून शहरात यायला एकच फाटा असतो. पाच हजारांच्या गावाला तो पुरतो. वस्ती वाढते, कारखान्यांचे ट्रक त्याच फाट्यावर येतात आणि रांग लागते. या खेळातल्या गाड्या पुढे कोंडी आहे की नाही याचा विचार न करता आपली जवळची वाट धरतात. शेजारच्या दोन लेन रिकाम्या असल्या तरी पुढच्या वळणासाठी एकाच लेनमध्ये उभ्या राहतात. रस्ता रुंद केला की कोंडी जाते, म्हणजे पुढच्या चौकात जाते. कोंडीत कचऱ्याच्या गाड्या अडकतात, अ‍ॅम्ब्युलन्स अडकतात. कधी सांडपाण्याचा पाइप प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकलेला असतो आणि पिण्याचं पाणी खालच्या अंगाने उचललेलं असतं. मग अख्खं गाव आजारी. आणि सगळ्यात भयंकर:

"मॅडम, एकदम सगळे मरतात."

"म्हणजे?"

"मी एकदम मोठा भाग हिरवा करतो ना, तर सगळे एकदमच राहायला येतात. साधारण एकाच वयाचे. मग ते एकदमच म्हातारे होतात. शववाहिका पुरत नाहीत, त्या पण ट्रॅफिकमध्ये अडकतात. घरोघरी कवटीचं चिन्ह."

मला हसू आलं, त्यालाही आलं. जगभरचे खेळाडू या प्रकाराने वैतागलेले असतात. उपाय सोपा आहे: वस्ती टप्प्याटप्प्याने वाढू द्यायची. पण त्यासाठी आधीची चूक पोटात घेऊन त्याच शहरात पुढची काही वर्षं काढावी लागतात. नेमकं तेच त्याला नको होतं.

"खराब झालेलं शहर बघवत नाही," तो म्हणाला. "वाहतुकीचा सुरळीतपणा ऐंशी टक्क्यांखाली गेला की माझं डोकं फिरतं. वाटतं, पाया चुकला, आता काही अर्थ नाही. नवीन मॅपवर सगळं नीट करू."

मी थोडं थांबले. मग विचारलं, "मेकॅनिकल सोडायचं ठरवलंस तेव्हा लोकसंख्या किती झाली होती?"

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो आधी हसला आणि नंतर लॅपटॉपचं झाकण लावून बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "चार विषय राहिले तेव्हा. ड्रॉप घेतला, तो पण मॉक टेस्टचे मार्क पडायला लागल्यावर."

बावीस तासांच्या व्याख्यानांनी जे झालं नसतं ते अशा एखाद्या प्रश्नाने होतं, असा माझा अनुभव आहे. मात्र तो प्रश्न त्याच्या भाषेत विचारावा लागतो, आणि ती भाषा शिकायला पाऊण तास गप्प बसावं लागतं.

गेम बंद करायला मी सांगितलं नाही. एकच गोष्ट ठरवली: पुढच्या भेटीपर्यंत नवीन मॅप घ्यायचा नाही. सोडलेल्यांपैकी कोणतंही एक शहर उघडायचं आणि तेच चालवायचं. तो जवळजवळ भांडलाच. "तुम्हाला कळत नाहीये, ते दुरुस्त होण्यासारखं नाहीये!" मी म्हटलं, "दुरुस्त कर असं कुठे म्हटलं? चालव म्हटलं."

पुढच्या वेळी वडीलही बसले होते. महापौर कुरकुरत होते. वाहतूक बासष्ट टक्क्यांवर, फाट्यावर रांग, तो पाडला तर तोवर शहरात येणार कसं? चालू शहरात असले बदल होत नाहीत, सगळं पुन्हाच बांधावं लागतं, असा त्यांचा निष्कर्ष. वडील बराच वेळ ऐकत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अरे, चांदणी चौकात काय केलं?"

ऑक्टोबर २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल मध्यरात्री स्फोटाने पाडला, ते पुणेकरांना आठवत असेल. स्फोट होऊनही तो एका दमात पूर्ण पडला नाही. उरलेला यंत्रं लावून काढावा लागला. नवा उड्डाणपूल सुरू झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. वडील रोज तिथूनच जात होते.

"किती महिने शिव्या देत गेलो मी," वडील म्हणाले. "गाड्या इकडून वळवल्या, तिकडून वळवल्या. ऑफिसला उशीर झाला. पण गेलो ना रोज? म्हणून काय नवीन पुणं बांधायला घेतलं कुणी?"

मुलगा वडिलांकडे बघत राहिला. "बाबा, तुम्हाला आधी पर्यायी रस्ता दिला होता ना? मग पूल पाडला." आणि तिथेच लॅपटॉप उघडून आधी दुसरा फाटा कुठून काढायचा ते दाखवू लागला. वडील चष्मा सावरून वाकले. मी या भेटीत जवळजवळ काही बोलले नाही. माझ्या कामातला हा मला सर्वात आवडणारा भाग आहे.

चार विषयांबद्दलचं बोलणं त्यानंतर सोपं झालं. आधी सगळे सुटले पाहिजेत, तेही एकदम आणि चांगल्या मार्कांनी, नाहीतर शाखाच चुकली, असा त्याचा हिशोब होता. आता त्यातले दोन आधी काढायचे, दोन मागे राहतील आणि ते मागे असताना वर्ष चालवायचं, असं त्याने स्वतः मांडलं. ते दोन सुटले. डिझाइनचा विषय संपलेला नाही. पण तिकडे जायचं तर ते आवडतं म्हणून जायचं, इथे बिघडलं म्हणून नाही, एवढं त्याचं त्यालाच पटलं आहे.

आता इतर पालकांसाठी. गेम कोणता ते आधी जाणून घ्या. अर्धा तास शेजारी बसा, सल्ला न देता. तुमचा मुलगा प्रत्येक डाव अर्ध्यात टाकतो की हरूनही तोच पुन्हा खेळतो, एकटा खेळतो की मित्रांशी बोलत, चिडतो तेव्हा कशावर चिडतो, हे पाहिलंत तर तासांच्या हिशोबातून मिळणार नाही एवढी माहिती मिळेल. प्रत्येक मुलाचं उत्तर या महापौरासारखंच असेल असं मुळीच नाही. मित्रांत स्थान नाही म्हणून खेळणारी मुलं मी पाहिली आहेत, आईबाबांची भांडणं ऐकू येऊ नयेत म्हणून हेडफोन लावणारीही.

रात्री वायफाय ओढून काढू नका. या खेळाला शेवट नाही हे मघाशी सांगितलं. सिनेमा संपतो, क्रिकेटची मॅच संपते; शहरात मात्र नेहमी एक चौक सुधारायचा बाकी असतो. म्हणून "संपलं की झोप" या वाक्याला इथे अर्थ नाही. थांबायची जागा आधी ठरवावी लागते, आणि ती मुलानेच ठरवलेली बरी: हा पूल झाला, जतन केलं, बंद.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका नव्या भागाच्या नियोजनासाठी याच गेमचा वापर करून पाहिला होता. हे सांगितलं की काही आया लगेच विचारतात, "मग याला टाउन प्लॅनिंगला घालू का?" मुलाला गंमत वाटते त्या प्रत्येक गोष्टीचा अभ्यासक्रम करायची घाई कशाला?

आणि खरोखर काळजी कधी करायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं किंवा वाढणं, आणि हे साधारण वर्षभर टिकलेलं असणं, असं त्याचं स्वरूप आहे. जेवण-झोप पार विस्कटली, कॉलेजला जाणंच बंद झालं, मुलगा मित्रांना टाळू लागला, मरण्याचं बोलू लागला, तर वर्ष मोजत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिकही चालतं.

महापौरांच्या आईने शेवटच्या भेटीत विचारलं, "मग आता रोज किती वेळ खेळू द्यायचं?" मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्याने परीक्षेपर्यंत रात्री अकराची वेळ सांगितली. वडील म्हणाले, साडेदहा. तोडगा अजून निघालेला नाही.