सोंगणीचा दिवस धावण्याच्या वहीत लिहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं : आर्वीकडचं गाव, पाच एकर वावर, दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली, पण धावणं सुटलं नाही. गेल्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन २ तास १५ मिनिटांत केली, आता जानेवारीत मुंबईची फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन करायची आहे. नडगी दुखते. आणि सोळा हजारांचा कार्बन प्लेटवाला (तळात कार्बनची कडक पट्टी असलेला) जोडा घ्यावा का, हा मुख्य प्रश्न.

नका घेऊ. कारण पुढे येईलच. पण तुम्ही नेटवरून उतरवलेलं अठरा आठवड्यांचं वेळापत्रक टाकलं आहे, ते पाहून मला जोड्यापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली.

त्या तक्त्यात सोमवार आराम, मंगळवार आठ किलोमीटर, बुधवार वेगाचं काम, असं सगळं चौकोनात बसवलेलं आहे. हा तक्ता बनवणारा माणूस सोमवारी खुर्चीत बसतो. तुमचा सोमवार म्हणजे पाठीवर सोळा लिटरचा फवारणीचा पंप आणि पायाखाली ढेकळं. याला आराम कोण म्हणेल? मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे तक्ता सुरू होणार तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर, मग मळणी, हरभऱ्याची पेरणी, कापसाची वेचणी आणि मग थंडीत गहू-हरभऱ्याचं ओलीत. तक्त्यात किलोमीटर वाढत जातात त्याच महिन्यांत वावरातलं कामही वाढत जातं. शरीराला दोन खाती नसतात, एकाच खात्यातून दोन्हीकडे खर्च होतो.

हे मी शिकलो ते पडून. मी दारव्ह्याकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, वावर घरचंच. पहिल्या फुलच्या वर्षी दसरा ते दिवाळी मी तक्ता तंतोतंत पाळला. सकाळी धावायचो, शाळेतून आलो की वावर, सुट्टीच्या दिवशी सोंगणाऱ्या बायांबरोबर मीही वाकलेलो. घरी बोलणी बसायची : "वावरात चालनं कमी पडते का तुमाले, त पुन्हा सडकेनं पयता?" मी हसण्यावारी नेलं. नोव्हेंबरमध्ये मांडीची मागची शीर धरली, तीन आठवडे गेले, आणि जानेवारीत ३२व्या किलोमीटरला पाय लाकडाचे झाले. मुंबईच्या रस्त्यात पेडर रोडचा चढ अगदी शेवटी शेवटी येतो. तो मी चालत चढलो, आणि बाजूने एक सत्तरीचे आजोबा धावत गेले. ते काही बोलले नाहीत हे त्यांचे उपकार.

तेव्हापासून वहीत मी दोन रकाने करतो : एक धावण्याचा, एक कामाचा. दिवसभराची सोंगणी म्हणजे दहा किलोमीटर, फवारणीचा दिवस म्हणजे सहा-सात, डवरणीमागे (पिकाच्या ओळींतली कोळपणी) अर्धा दिवस म्हणजे पाच. याला शास्त्राचा आधार नाही, माझ्या अंगाचा हिशेब आहे. तुमचा वेगळा निघेल. पण लिहायला लागलं की आपण आठवड्याला तीस नव्हे, साठ करून राहिलो हे डोळ्यांपुढे येतं.

तुमच्याकडे आता डवरणी चालू असेल. म्हणजे जानेवारीपर्यंत सव्वीसेक आठवडे हातात आहेत आणि हीच तुमची जमेची बाजू. तक्ता सप्टेंबरला सुरू करू नका, आत्ताच करा. नडगी शांत झाली की आठवड्यातून चार दिवस, एकूण २५ किलोमीटर, त्यात एक लांब धाव १२ची. हळूहळू वाढवत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ४० किलोमीटर आणि लांब धाव १८पर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करा. सोंगणी लागली की लाज न बाळगता निम्म्यावर या. तीन दिवस, पाच-सहा किलोमीटर, तेही अंग मोकळं करायला. कमावलेला दम तीन आठवड्यांत जात नाही. खरी मोठी कामं नोव्हेंबर-डिसेंबरला ठेवा : २०, २३, मग एक हलका रविवार, २६, २८, पुन्हा हलका, आणि डिसेंबरच्या शेवटी एकदाच ३० किंवा ३२. त्यानंतरचे तीन आठवडे कमी करत जायचं. ४२ सरावात धावून पाहायचे नसतात, ते त्या दिवसासाठी राखून ठेवायचे.

एक गोष्ट कोणत्याच तक्त्यात नसते : रात्रीची लाइन. ओलिताला रात्री बारानंतर वीज आली आणि तुम्ही पहाटेपर्यंत पिकाला पाण्याचे बारे देत बसलात, तर त्या सकाळची लांब धाव रद्द. सरळ रद्द. झोपा आणि शक्य असेल तर सोमवारी धावा. रात्रभर जागून २६ किलोमीटर काढल्याचा काही मर्दपणा नाही, त्यातून फक्त ताप येतो. मला आला आहे.

आता वेग. तुम्ही लिहिलंय की सरावात किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढता. भरतीची सवय! १६०० मीटरला छाती फुटेस्तोवर पळायचं, आणि रोज तसंच पळायचं. तुमची हाफ २:१५ची, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. शर्यतीपेक्षा सराव वेगात होतोय, हे उलटं नाही का? एवढ्या हाफवर पहिली फुल पावणेपाच ते पाच तासांत व्हावी. पाच तास म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं आणि वर थोडे सेकंद. मग रोजची धाव साडेसातने, कधी आठनेही. सोबत्याशी पिकाच्या भावावर पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. नुसतं "हो, हो" निघत असेल तर वेग जास्त आहे. फाट्यावरची भरतीची पोरं हसतील, हसू द्या. हवं तर आठवड्यातून एक दिवस त्यांच्यासोबत वेगाचं काम करा, एकच दिवस.

आणि नडगी दुखण्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं : वेग, एकदम वाढवलेलं अंतर, पातळ तळ आणि सिमेंटचा रस्ता. दोन आठवडे धावणं बंद. सायकल चालवा, पोटरीचे व्यायाम करा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली करा. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर बहुतेक एवढ्याने उतरतं. पण बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही. तेव्हा "एक्स-रे साफ आहे" ऐकून लगेच पळायला लागू नका, हाडांच्या डॉक्टरला धावण्याचं सगळं सांगा. वर्ध्याला, सेवाग्रामला दाखवता येईल, तुम्हाला जवळच आहे.

बरं, जोडा.

कार्बन प्लेटची हवा २०१७ साली नायकीच्या व्हेपरफ्लायपासून सुरू झाली. त्या जोड्याच्या नावातच चार टक्के होते, म्हणजे त्याच वेगाला चार टक्के कमी ऊर्जा लागते असा दावा. मोजमाप खरं होतं, पण ते झालं ताशी १४ ते १८ किलोमीटरने धावणाऱ्यांवर. आपण पाच तासांची फुल धावतो तेव्हा ताशी साडेआठही भरत नाही. शिवाय उंच, मऊ, डुगडुगता तळ. मुंबईच्या सपाट डांबरावर एक वेळ ठीक. आपल्या गावच्या रस्त्यावर कडेची गिट्टी, मुरूम, मधेच बैलगाडीची चाकोरी, तिथे घोटा मुरगळायला किती वेळ लागतो? सोळा हजारांत दोन चांगले साधे जोडे येतात, वर मुंबईचं रेल्वेभाडं सुटतं.

सध्या तुम्ही भरतीवाला जोडा वापरता, सेगा किंवा निव्हियाचा. पोरं त्यावर १६०० मारतात आणि त्या कामाला तो चांगला आहे. हलका, सपाट, स्वस्त. पण तीस किलोमीटरला त्याचा तळ पुरत नाही. तुम्हाला हवा रोजच्या धावण्याचा साधा जोडा, चार ते सहा हजारांतला. एसिक्स, नायकी, आदिदास, डिकॅथलॉनचं किपरन, कुणाचाही चालेल. नवीन आवृत्ती आली की मागची स्वस्तात निघते, ती घ्या. फरक रंगापलीकडे फारसा नसतो. फक्त बाजारातली "फर्स्ट कॉपी" घेऊ नका. दिसायला डिट्टो, पण तळाचा फोम आठ दिवसांत दगड होतो.

कंपनीपेक्षा माप महत्त्वाचं, आणि आपल्या पायांची अडचण वेगळी आहे. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेलं, त्यामुळे बोटं फाकलेली, पंजा रुंद. दुकानातला पोरगा लांबी बघतो, रुंदी कोणी बघत नाही. माझा पहिला महागाचा जोडा मी अमरावतीच्या एका दुकानातून घेतला. करंगळी दाबत होती. दुकानदार म्हणाला, वापरून सैल होईल. सैल झाला नाही, दोन नखं मात्र काळी होऊन गळाली. तेव्हा जोडा संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या कामाने पाय फुगलेला असतो तेव्हा. ज्या मोज्यात धावता तेच घालून जा. उभं राहून अंगठ्यापुढे एक बोट आडवं मावलं पाहिजे, आणि करंगळीला बाजूने दाब नको. काही कंपन्या तोच जोडा रुंद मापातही काढतात, तसं मुद्दाम विचारा. टाच मागे निसटत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी ओवून बघा, बहुतेक वेळा काम होतं.

तुमच्या काकांचं म्हणणंही तुम्ही लिहिलंय, की आमच्या वेळी जोडे कुठे होते, अनवाणी पळ. काका अगदीच चूक नाहीत. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटांत सोन्याचं पदक घेऊन गेला. पण तोच १९६४ला टोकियोत जोडे घालून धावला, तीन मिनिटं आधी पोचला आणि पुन्हा जिंकला. काकांना दुसरी गोष्टही सांगा. आणि आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत.

काळ्या मातीबद्दल थोडं. पावसाळ्यात पांदणीने, म्हणजे वावरांमधल्या मातीच्या वाटेने, धावायला जाऊ नका. शंभर पावलांत प्रत्येक पायाला किलोभर चिखल चिकटतो आणि चाल बिघडते. तोवर डांबरी बरी. डांबरीवर रोज एकाच कडेने धावू नका, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्याने एकाच बाजूचा गुडघा नि खुबा भरून येतो. रहदारी नसेल तिथे मधोमध धावा. पाऊस संपला की मुरमाचा रस्ता उत्तम, सोपी धाव तिथेच. समृद्धीवर पहाटे धावावं का असं कोणीतरी मागे विचारलं होतं : नाही, पायी माणसाला तिथे परवानगीच नाही. ओला जोडा उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, आणि उंचावर ठेवा. माझ्या एका जोड्याची जीभ उंदराने नेली आहे. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला तळ बसतो. वहीत जोड्याचेही किलोमीटर लिहा. मुंबईला नेण्याचा जोडा नोव्हेंबरात घ्या, म्हणजे एक-दोन लांब धावा त्यावर होतील.

अंधारात डोक्याला लावायचा दिवा हवाच, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रस्त्यावर असतात. टिपेश्वर-ताडोबाच्या वाघांच्या जंगलाकडेच्या कोणी हे वाचत असाल तर उजाडल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

खाणंपिणं फार अवघड करू नका. दीड तासाच्या वर धाव असेल तर रस्त्यावर खायला लागतं, कारण अंगातली साठवलेली साखर तीसेक किलोमीटरला संपत येते. मला ३२ला जे झालं त्यात अर्धा वाटा याचा होता. खजूर, गुळाची चिक्की, केळं, जे पचतं ते सरावातच ठरवा. लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू, ही बाटली आदल्या संध्याकाळी वळणावरच्या धुऱ्यात (बांधावर) ठेवून या. नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठही जातं. आदल्या रात्री भात-वरण. सावजी रस्सा पदक मिळाल्यावर.

आणि मुंबईची हवा. आपण डिसेंबरात दहा-बारा अंशांत कोरड्या थंडीत धावतो, तिथे जानेवारीतही दमट असतं, घाम वाळतच नाही. पाच तास लागणार म्हणजे शेवटचे दोन उन्हात जाणार. म्हणून डिसेंबरच्या दोन लांब धावा मुद्दाम उशिरा सुरू करा, दहा-साडेदहाला संपतील अशा. काखेत आणि मांडीत खोबरेल तेल चोपडा, छातीला चिकटपट्टी लावा, नाहीतर कापड घासून कातडी सोलते. हे कोणी आधी सांगत नाही आणि बनियनवर रक्त दिसलं की सगळे हसतात.

तूर्त एक करा : कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून, उभं राहून, पेन्सिलीने कड आखा. लांबी आणि पंज्याची सगळ्यात जास्त रुंदी, दोन्ही पायांची, सेंटिमीटरमध्ये इथे लिहा. आणि नडगी दाबल्यावर एका जागी दुखते की सगळीकडे, तेही. मग कोणता जोडा ते बोलू.