भाषणं देऊन पोट भरेल का?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मुलगी नाशिकला बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एप्रिलमध्ये एका वाचनालयात नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या वनस्पतींवर तिचं व्याख्यान झालं. खरड छाटणी चालू होती, मला जाता आलं नाही. पण लोकांना फार आवडलं म्हणे. आता ती म्हणते, वन्यजीव आणि झाडांवर बोलायचं, हेच माझं काम. भाषणं देऊन पोट भरतं का? त्यापेक्षा बी.एड. करून नोकरीला लागलेली बरी नाही का?

उत्तर : दादा, नुसत्या भाषणांवर पोट भरत नाही. बहुतेक ठिकाणी शाल, नारळ आणि फार तर येण्याजाण्याचा खर्च मिळतो. हे तिला आजच स्पष्ट सांगा. पण त्यापुढे ‘मग सोड तो नाद’ असं जोडू नका.

अंजनेरीच्या कंदीलपुष्पाचंच बघा, कंदिलासारखं फूल येणारी ही दुर्मीळ वनस्पती. शास्त्रज्ञांनी 2006 साली नवी जात म्हणून त्याची नोंद केली, आणि तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. कंदीलपुष्पांच्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासाने आत शिरलेल्या चिलटाला परत वर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस सुकतात, आणि परागकण घेऊन ते सुटतं. पुस्तकातून हे कुणीही वाचून दाखवेल. श्रावणातल्या पावसात कातळावर बसून ज्याने ते पाहिलंय, त्याचं बोलणं वेगळं होतं, आणि लोक दुसऱ्यांदा बोलावतात ते त्यालाच. शिवाय अशा माणसाला काय सांगायचं नाही हेही कळतं. दुर्मीळ रोपाची नेमकी जागा मंचावरून कधी सांगू नये. फोटोसाठी आलेले पाय रोपं तुडवतात, आणि कंदीलपुष्पांचे कंद उकरून खाणारेही आहेत.

म्हणून आधी विषय पक्का हवा, माईक नंतर. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र) इथे वन्यजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण, आणि एनसीबीएसला दरवर्षी प्रवेश निघतातच असं नाही, त्यामुळे जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो. नंतर संस्थांच्या प्रकल्पांत संशोधन सहायक, निसर्गशिक्षण अधिकारी, प्राध्यापकी, असे रस्ते आहेत. सुरुवातीला पगार कमी असतो आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. घरात याची तयारी हवी. स्थिर नोकरीच हवी असेल तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा बॉटनीच्या मुलीला देता येते. बी.एड. वाईट नाही, पण आत्ता केलं तर पायांना डोंगर चढायची सवय लागण्याआधीच ती वर्गात अडकेल, असं मला वाटतं. ते पाच वर्षांनीही करता येईल.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी केली आणि रानातल्या माणसांकडून शब्द वेचले. बगळे-करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला ‘सारंगागार’ हा देखणा शब्द मराठीत त्यांच्यामुळे रुळला. तुमच्या मुलीकडे निफाडची बोली आहे. ती भाषणासाठी घासून गुळगुळीत करू नको, असं तिला माझ्याकडून सांगा. शहरातल्या सभागृहात टाळ्या मिळवणं त्यामानाने सोपं असतं. ज्यांच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, त्यांच्यासमोर बोलणं अवघड, आणि गरज तिथेच जास्त आहे. पिंजरा लावून बिबट्या दुसरीकडे सोडला की प्रश्न मिटतो, असं गावोगाव मानलं जातं. जुन्नर भागात हे करून पाहिलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. ही गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा गावच्याच मुलीच्या तोंडून ऐकली तर लोक निदान ऐकून घेतील.

तेव्हा तिचं पुढचं व्याख्यान तुमच्याच गावच्या पारावर ठेवा, ऊसतोड सुरू व्हायच्या आधी. उसात पिल्लं सापडली तर उचलायची नाहीत, लांब थांबून वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करायचा, मादी पिल्लांना न्यायला येते, एवढं तिने नीट समजावलं तरी पुष्कळ. गोडी छाटणीची गडबड असेल, पण या वेळी तुम्ही पुढच्या रांगेत बसा. नंतर कोण काय बोललं आणि तिने काय उत्तर दिलं, ते मला सविस्तर लिहा. एम.एस्सी.चे अर्ज कुठे भरायचे ते त्यावरून ठरवू.