प्रेम आहे, मग लग्न कशासाठी?

आपला प्रश्न असा आहे की माणसे प्रेमात का पडतात, आणि प्रेम असताना त्यांना लग्नही का हवे असते. आपण निपाणीच्या आहात, घरात स्थळे पाहणे सुरू आहे आणि मनात कुणीही नसताना लग्नाची ओढ मात्र वाटते, असेही आपण लिहिले आहे. मला हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी खानापूर तालुक्यात शिक्षिका होते. नात्यागोत्यातल्या अनेक सोयरिकी जुळताना, मोडताना आणि निभावताना जवळून पाहिल्या आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की कुणीतरी आपल्याला निवडावे ही प्रेमामागची गरज आहे आणि ती निवड चारचौघांनी मान्य करावी ही लग्नामागची. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि एकीवाचून दुसरी असू शकते.

प्रेमाची सुरुवात शरीरात होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. 2005 साली अमेरिकेत आर्थर ॲरन, हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने प्रेमात पडलेल्या 17 जणांना प्रिय व्यक्तीचे छायाचित्र दाखवून एमआरआय यंत्राने त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. तेव्हा मेंदूतला जो खोलवरचा भाग उद्दीपित झालेला दिसला, तो डोपामिन हे रसायन तयार करणारा आणि एखादी गोष्ट मिळवण्याच्या ओढीशी निगडित असलेला भाग होता. प्रेमात पडलेल्याची झोप का उडते, जेवणात लक्ष का लागत नाही, याचा उलगडा त्यातून बऱ्याच अंशी होतो. हा उमाळा काळानुसार ओसरतोच असेही नाही. याच मंडळींनी पुढे सरासरी 21 वर्षे संसार झालेल्या आणि जोडीदारावर अजूनही तितकाच जीव असलेल्या माणसांची तशीच तपासणी केली, तेव्हा तोच भाग पुन्हा उद्दीपित झाला.

परंतु ही ओढ नेमक्या कोणत्या माणसाकडे वळते, याचे उत्तर मेंदूच्या चित्रात मिळत नाही. ते बरेचसे सहवासात असते. जे वारंवार नजरेसमोर येते ते हळूहळू आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली प्रयोगांनी दाखवले. आमच्या भागात तर हे रोज दिसते. खानापूरहून बेळगावला कॉलेजसाठी जाणारी मुले-मुली वर्षानुवर्षे त्याच वेळच्या बसने जातात, एकमेकांच्या दप्तरासाठी जागा धरतात, परीक्षेच्या दिवसांत एकमेकांच्या वह्या नेतात, आणि घरच्यांना पुढे प्रश्न पडतो की एवढ्या मोठ्या बेळगावात हिला हाच कसा सापडला. बसमध्ये शेजारी बसणारा मराठी बोलतो की कन्नड, हे या सहवासाला ठाऊक नसते, म्हणून सीमाभागातली कित्येक प्रेमप्रकरणे दोन भाषांतली असतात.

याच्याही तळाशी, मला वाटते, लहानपणीची गरज असते. माणसाचे मूल इतर प्राण्यांच्या पिलांच्या मानाने फार काळ परावलंबी राहते, आणि जवळचे माणूस हाकेच्या अंतरावर आहे ना, याची खातरजमा ते सतत करत असते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ही ओढ पाळण्यापासून अखेरपर्यंत माणसाबरोबर राहते असे मांडले, आणि 1987 साली सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी तोच विचार प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिला. दुखण्याखुपण्यात, नोकरी गेल्यावर, आईवडील गेल्यानंतर आपले म्हणता येईल असे एक माणूस असावे, ही इच्छा कुणाच्या प्रेमात पडण्याआधीही मनात असते. आपल्याला वाटणारी ओढ मला याच जातीची वाटते आणि तिच्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

आता लग्नाकडे येते. माझ्या पुतणीने गोकाककडच्या एका कन्नडभाषक मुलाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. 1954 च्या या कायद्यानुसार 30 दिवसांची नोटीस दिली, तीन साक्षीदारांसमोर सह्या केल्या, आणि कायद्याच्या दृष्टीने दोघे पतीपत्नी झाले. तरीही घरचा विरोध मावळल्यावर तिने गावात अक्षतांचा समारंभ व्हावा असा हट्ट धरला. मी तिला म्हणाले, “अगं, झालंय की लग्न, आता हा खर्च कशाला?” त्यावर ती म्हणाली, “काकू, सही केली ते कायद्याला कळलं. आमच्या आजीला कळायला नको का?” समारंभाच्या दिवशी मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा गोकाकच्या पाहुण्यांना ‘शुभमंगल सावधान’ केव्हा येते ते ठाऊक नव्हते, ते आमच्या हातांकडे पाहत होते आणि आमचे हात वर गेले की अक्षता टाकत होते. ज्या आजीने वर्षभर त्या मुलाचा विषय घरात काढू दिला नव्हता, तिने त्या दुपारी पंगतीत चौकशी केली, “जावईबापू जेवले का?”

चारचौघांच्या मान्यतेला काय मोल असते, हे ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्याकडे पाहिले म्हणजे अधिक कळते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने ज्या मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या, त्यांचे लग्न देवीशी लागले असे मानून पुढे कोणत्याही पुरुषाशी लग्न करण्याची वाट त्यांना बंद केली गेली. त्यांच्या आयुष्यात पुरुष आले, मुले झाली, काहींच्या वाट्याला माया आणि निष्ठाही आली असेल. परंतु त्या नात्याला नाव नव्हते, वारसा नव्हता, आणि मुलाला शाळेत घालताना अर्जातली वडिलांच्या नावाची जागा कोरी राहत असे. तो अर्ज पुढे सरकवताना खाली गेलेली आईची नजर मी पाहिली आहे. मुंबई इलाख्याच्या 1934 च्या आणि कर्नाटकाच्या 1982 च्या कायद्याने ही प्रथा बेकायदा ठरवली. अशा स्त्रीने केलेले लग्न वैध आहे, हेही कायद्याला स्पष्ट लिहावे लागले. लग्न म्हणजे नुसता कागद असे जेव्हा कुणी म्हणते, तेव्हा मला या स्त्रिया आठवतात.

आमच्याकडे लग्नाने घरेही जोडली जातात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले आणि चंदगड, गडहिंग्लज तेव्हाच्या मुंबई राज्यात राहिले व 1960 साली महाराष्ट्रात आले. अनेक बायकांचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. मात्र घरे जोडण्याच्या या हौसेपायी मुलीचे मन विचारले जात नाही, तेव्हा ते लग्न मला मान्य नाही, मग स्थळ कितीही तालेवार असो.

ठरवून केलेल्या लग्नात प्रेम येते का, असेही आपल्या मनात असावे. जयपूरमधील 50 जोडप्यांच्या 1982 च्या एका अभ्यासात प्रेमविवाहातले प्रेम काळानुसार कमी होत गेलेले आणि ठरवून केलेल्या लग्नातले वाढत गेलेले आढळले होते. परंतु 2012 साली अमेरिकेतल्या भारतीय मंडळींच्या पाहणीत असा काहीच फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत, म्हणून त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. मी पाहिलेल्या संसारांत मात्र ज्या मुलींना होकारापूर्वी मुलाशी मोकळेपणाने बोलता आले, त्यांना पुढे जीव लावणे सोपे गेले. म्हणून घरी स्थळ येईल तेव्हा कांदेपोह्यांच्या एका बैठकीवर होकार देऊ नका. वडीलधाऱ्यांना सांगून त्या मुलाशी तीन-चार भेटी मागून घ्या, त्यातली एखादी त्याच्या घरी असू द्या, आणि तो स्वतःच्या आईशी व बहिणीशी कसा बोलतो ते शांतपणे ऐका.