मरीन अगरवर न येणारे समुद्री जीवाणू लॅबमध्ये कसे वाढवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं पाणी मरीन अगरवर (समुद्री जीवाणू वाढवण्याचं जेलीसारखं घट्ट माध्यम) पसरलं, तर मिलिलिटरमागे जेमतेम काही शे कॉलन्या (जीवाणू वाढून झालेले, डोळ्यांना दिसणारे ठिपके) आल्या. तेच पाणी डापीने (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास पेशी. मग बाकीच्या मेलेल्या आहेत का? आणि नसतील, तर त्या वाढवायच्या कशा?

मेलेल्या नाहीत. तुमचं तंत्रही चुकलेलं नाही. ही तफावत जगभर सगळ्यांना दिसते आणि १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी तिला 'ग्रेट प्लेट काउंट अनॉमली' असं नाव दिलं. मी समुद्री जीवाणूंच्याच कामात आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे विद्यार्थ्यांना या प्रश्नाची चुकीच्या टोकाने ओळख करून दिली जाते. जीवाणू वाढत नाही म्हटलं की आपण माध्यमात आणखी काहीतरी घालतो. इथे बहुतेक वेळा काढून टाकावं लागतं.

मरीन अगरची मूळ कृती झोबेल यांची, १९४१ ची. लिटरमागे ५ ग्रॅम पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं) आणि १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. खुल्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला साधारण १ मिलिग्रॅम, तोही बराचसा सहज न पचणारा. म्हणजे कार्बनचाच हिशेब केला तरी तुमची प्लेट समुद्रापेक्षा दोनेक हजार पट श्रीमंत. त्यावर विब्रिओ, आल्टेरोमोनास असे पटकन फोफावणारे जीवाणू येतात. ते समुद्रात आहेतच, पण संख्येने थोडे. खरी बहुसंख्या उपाशी जगायला सरावलेली आहे. जन्मभर उपास काढलेल्याला एकदम लग्नाच्या पंगतीत बसवलं तर जे होईल, ते या पेशींचं होतं.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण सार-११ या जीवाणूगटाचं. १९९० मध्ये स्टीफन जिओव्हानोनी आणि सहकाऱ्यांनी सारगासो समुद्राच्या पाण्यातून थेट जनुकं काढून वाचली, तेव्हा हा गट पहिल्यांदा कळला. पुढे लक्षात आलं की समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात सरासरी दर तीन पेशींतली एक याच गटाची असते. पृथ्वीवरच्या सर्वांत विपुल जीवांपैकी एक, आणि बारा वर्षं कोणालाही तो वाढवता आला नाही. २००२ मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठात मायकेल रॅपे, जिओव्हानोनी आणि त्यांच्या गटाने तो वाढवला. आज त्याला पेलाजिबॅक्टर युबिक म्हणतात.

त्यांनी काय केलं, ते तुम्हीही करू शकता. माध्यम म्हणून समुद्राचंच पाणी घेतलं, गाळून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलेलं. त्यात अमोनियम आणि फॉस्फेट अगदी मायक्रोमोलर प्रमाणात. मग ताज्या सॅम्पलमधल्या पेशी मोजून ते इतकं पातळ केलं की खळगे असलेल्या प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) मोजक्याच पेशी पडाव्यात. याला डायल्यूशन टू एक्स्टिंक्शन म्हणतात आणि डॉन बटन यांनी १९९३ मध्येच त्याचं गणित मांडलं होतं. तुमच्या पाण्यात मिलिलिटरला दहा लाख पेशी असतील आणि वेलमध्ये १ मिलिलिटर माध्यम असेल, तर टप्प्याटप्प्याने पाचेक लाख पट पातळ करा, म्हणजे वेलमागे सरासरी दोन पेशी येतील. सरासरी एक ठेवली तर शंभरातले साधारण ३७ वेल रिकामेच राहतात. पण पडलेली प्रत्येक पेशी वाढतेच असं नाही, म्हणून दोन-तीन ठेवायला हरकत नाही. पटकन वाढणारे जीवाणू संख्येने कमी असल्यामुळे या शर्यतीतून आपोआप बाहेर पडतात, हीच या पद्धतीची ताकद. कॉनन आणि जिओव्हानोनी यांना या मार्गाने किनाऱ्याजवळच्या पाण्यातल्या १४ टक्क्यांपर्यंत पेशी वाढवता आल्या.

आता जिथे बहुतेकांचा धीर सुटतो ती जागा. तीन आठवड्यांनी प्लेट उजेडात धरली तर सगळे वेल नितळ दिसतात. गढूळपणा नाही, तळाशी काही नाही. माणूस प्लेट टाकून देतो. पण सार-११ मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास पोचून थांबतो आणि तेवढ्याने पाणी गढूळ दिसतच नाही. म्हणून प्रत्येक वेलमधून २०० मायक्रोलिटर काढा, डापीने रंगवा, ०.२ मायक्रॉनच्या काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर ओढा आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली पाहा. वाढ झाली असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक निळे स्वल्पविराम विखुरलेले दिसतात, इतके लहान की फोकस किंचित हलला तरी नाहीसे होतात. फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर उत्तमच.

काही बारकावे सांगतो. या पेशींची जाडी ०.१२ ते ०.२० मायक्रॉन असते, म्हणून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काही निसटतात. गाळलेलं पाणी निर्जंतुक आहे असं धरून चालू नका, आणि माध्यमाचा बिनपेशींचा कंट्रोल ठेवाच. ऑटोक्लेव्हमध्ये पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. नंतर निर्जंतुक कार्बन डायऑक्साइड आणि मग हवा बुडबुडवून बायकार्बोनेट परत आणावं लागतं. भांडी पॉलिकार्बोनेटची, हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन भरपूर शुद्ध पाण्याने खळबळलेली. साबणाचा अंश राहिला तर काम संपलं. ओरेगनचं पाणी थंड, त्यामुळे त्यांचं इन्क्युबेशन १५-१६ अंशांवर असे. त्याची नक्कल करू नका, अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान धरा. सॅम्पल शक्यतो होडीने थोडं आत जाऊन घ्या, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळचं तर नकोच, तिथे नदीचं पाणी मिसळतं.

अगरचाच हट्ट असेल तर एक गोष्ट नक्की करा. अगर आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. दोन्ही वेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा, कॉलन्यांत फरक पडतो.

वाढ मिळाली पण पुढच्या माध्यमात टिकत नाही, असं झालं तर कमतरता शोधावी लागते. पेलाजिबॅक्टरचा जीनोम २००५ मध्ये वाचला गेला. अवघी १३ लाख बेसची (डीएनएच्या अक्षरांची) लांबी, १,३५४ जनुकं. त्यात सल्फेट वापरण्याचीच यंत्रणा नाही! समुद्राच्या लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं आणि हा जीवाणू त्याला हात लावू शकत नाही. त्याला मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) किंवा डीएमएसपी (एक सेंद्रिय गंधकसंयुग) असा तयार क्षपित गंधक हवा, हे ट्रिप या संशोधकाने २००८ मध्ये सिद्ध केलं. कॅरिनी या संशोधकाने पुढे दाखवलं की त्याला बी-१ जीवनसत्त्व देऊनही उपयोग होत नाही, त्याचा एचएमपी नावाचा एक पूर्वघटक लागतो, जो समुद्रात सूक्ष्म शैवालं सोडतात. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर शोध आहे.

तुमच्या प्रोजेक्टच्या वेळेत एवढं सगळं बसणार नाही, बसवूही नका. दोन-तीन प्लेट लावा, महिनाभर हलवू नका, आणि ज्या वेलमध्ये पेशी दिसतील त्यांचा लगेच १० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करून उणे ८० ला ठेवा. १६एस सीक्वेन्सिंग (जीवाणू ओळखण्यासाठी त्याचं १६एस जनुक वाचणं) त्यानंतर. आधी सीक्वेन्सिंगला पाठवून निकालाची वाट पाहत बसलात, तर तोवर वेलमधलं कल्चर मरून गेलेलं असू शकतं.