वाचकांचे प्रश्न : कोई की गोल्डफिश?

प्रश्न : कोईची (तळ्यात पाळायच्या रंगीत कार्प माशांची) पिल्लं म्हणून आठेक सेंटिमीटरचे लाल-पांढरे मासे आणले. मिशा दिसत नाहीत. गोल्डफिश तर नव्हेत?

उत्तर : असू शकतात, पण वरून पाहून ठरवू नका. कोईला मिशांच्या दोन जोड्या असतात, वरच्या ओठावर आखूड आणि तोंडाच्या कोपऱ्यांत जरा लांब. लहान माशाच्या मिशा पोहताना तोंडालगत दबलेल्या असतात. पारदर्शक डब्यात टाकीतलंच पाणी घ्या, जाळीने मासा अलगद डब्याकडे वळवून पाण्यासकट आत घ्या आणि बाजूने निरखा. तोंडाची उघडझाप होते तेव्हा कोपऱ्यात दोऱ्याच्या टोकाएवढं काहीतरी हललं, तर कोई. गोल्डफिशला मिशा मुळीच नसतात.

रंगाच्या नादी लागू नका. सरासा कॉमेट हा गोल्डफिशही लाल-पांढराच असतो आणि कोहाकू (लाल-पांढरी) कोई म्हणून सहज खपतो. लांब शेपटीवरूनही ठरत नाही, कारण बटरफ्लाय कोईचे परही लांब असतात.

तरी शंका उरली तर बाजूने फोटो काढा, मोठा करा आणि पार्श्वरेषेवरचे, म्हणजे कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेघेवरचे, खवले मोजा. गोल्डफिशचे साधारण 25 ते 31 भरतात, कोईचे बहुधा 33 च्या पुढे. दोइत्सू कोईवर मात्र ही मोजणी चालत नाही. त्याला खवले नसतात किंवा पाठीवर मोठ्या खवल्यांच्या ओळी तेवढ्या असतात. मिशा अगदीच खुरट्या किंवा एकच जोडी दिसली, तर दोघांचा संकर असण्याची शक्यता धरा.

कोई निघाले तर तळ्याची तयारी आत्ताच करा. 60 सेंटिमीटरचा मासा घरच्या काचेच्या टाकीत मावत नाही.

प्रश्न : सांके आणि शोवा हे कोईचे दोन्ही प्रकार लाल-पांढरे-काळे. फरक कसा करायचा?

उत्तर : आधी डोकं पाहा. सांकेच्या डोक्यावर काळा नसतो. त्याचे काळे ठिपके पाठीच्या बाजूला, बहुतेक पार्श्वरेषेच्या वरच राहतात. शोवाचा काळा डोक्यावर चढतो आणि पट्ट्यासारखा पोटाकडे उतरतो. मग छातीचे पर : शोवाच्या पराच्या मुळाशी काळा डाग, सांकेच्या परावर बारीक काळ्या रेघा किंवा नुसता पांढरा. पिल्लात घाई करू नका, शोवाचा काळा कित्येकदा उशिरा वर येतो.